ऊन उतरू द्या

ज्यांच्या घरी उन्हात नेलं की किंचाळणारं लेकरू आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही. कौतुक बरंच केलेलं आहे, पण ते माझं नाही हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर तक्रार नको.

माझा आजार माझ्याबरोबरच जन्माला आला. त्याचं नाव मला कळलं तेव्हा मात्र माझे बरेचसे दात पडून गेले होते. मधला सगळा जन्म मी बिननावाच्या आजारात काढला. नाव नसलं म्हणून आजाराचं काही अडत नाही. अडतं ते माणसाचं, कारण गाव आपल्या मर्जीचं नाव ठेवून मोकळं होतं.

लोण्याची बाहुली

माझं माहेर चिखलीकडचं. घरची शेती बरी होती आणि घरात मुलगी मी एकटीच. आई ही बाबांच्या सख्ख्या मामाची लेक. आमच्यात मामाची पोरगी करायची चालच होती. घरातलं सोनं घरात राहतं, असं म्हणायचे. सोन्याबरोबर आणखी काय काय घरात राहतं, हे तेव्हा कुणाला ठाऊक?

उन्हात थोडं खेळले तरी माझा चेहरा आणि हाताचे पंजे लालभडक व्हायचे. दुसऱ्या दिवशी आगआग, आणि मग कातडी सोलून निघायची. नाकावर, गालांवर तिळांचा सडा पडलेला. वैद्यांनी पित्त सांगितलं, आजीने दृष्ट काढली, आईने लोणी चोपडलं.

आणि मी काय केलं? मी गर्व केला. राजकन्यांना ऊन सोसत नाही असं कुठल्याशा गोष्टीत ऐकलं होतं, तेव्हा मी राजकन्याच, असा माझा सरळ हिशोब. बरोबरीच्या पोरी शेणाच्या पाट्या उचलायच्या आणि मी ओसरीतून त्यांना सांगायची, “अगं, नीट धर, सांडेल!” त्या मला लोण्याची बाहुली म्हणून चिडवत. मी गधडी त्यानंही खुश व्हायची. गालावरच्या तिळांना मी चांदण्या म्हणे.

मला पाहायला पाहुणे आले तेही आईने दिवेलागणीला बोलावले. कंदिलाच्या उजेडात आपण रंभाच दिसलो, अशी माझी खात्री होती. पुढे आमच्या ह्यांनी खरं काय ते सांगितलं, “मले तं तुझं तोंडच नव्हतं दिसलं. वात काजळली होती.”

पौषातले आदितवार

सासर देऊळगाव राजाच्या अलीकडच्या गावात. महाराष्ट्र राज्य नवंनवंच झालं होतं तेव्हा. घरात आम्ही तिघंच: हे, मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. मामंजी वारल्यावर ह्या बाईने एकटीने शेत आणि घर सांभाळलं होतं. बोलणं कमी, पण एकदा बोलल्या की ते दगडावर कोरल्यासारखं. भावकीत मोठे होते ते आबाजी, आत्याबाईंचे धाकटे दीर. त्यांचं घर आमच्या घराला लागूनच.

दिवाळीनंतर कापूस वेचायला सगळ्यांबरोबर मीही शेतात गेले. राजकन्येची सगळी रग पहिल्याच दिवशी जिरली. डोळे सुजून बारीक झाले, ओठ फुटले, हाताच्या पाठीवर पाण्याचे फोड उठले. आत्याबाईंनी मला घरी बसवलं. फोड बसले. पुन्हा शेतात नेलं, पुन्हा फोड.

“हे अंगावरचं दुखणं हाये,” त्यांनी ठरवलं. “कातडीच्या दुखण्याचा मालक सूर्यनारायण. त्याचीच सेवा करा लागते.”

आणि मग त्यांनी जे केलं ते आमच्या इकडच्या कुठल्याही सासूने तितक्याच मनापासून केलं असतं. पौषातले सगळे आदितवार मी अंगणात सूर्याकडे तोंड करून उभं राहायचं, पदर मागे घ्यायचा, अर्घ्य द्यायचं आणि रथसप्तमीपर्यंत हा नेम मोडायचा नाही. रांगोळीचा सूर्य त्या स्वतः काढायच्या, मला गूळ-खोबरं भरवायच्या, माझ्यासाठी उपास धरायच्या.

माझा चेहरा बिघडत गेला. सेवा कमी पडते आहे असं त्यांना वाटलं, म्हणून त्यांनी उभं राहणं वाढवलं. मला तर खात्रीच होती की देव माझ्यासारख्या सुंदर बाईची परीक्षा घेतो आहे. इतकी अक्कल देवाने कुणाला देऊ नये.

रथसप्तमीला अंगणात गोवऱ्यांवर बोळक्यात दूध ठेवलं. ते उतू जाईस्तोवर सूर्यासमोर बसायचं. दूध पूर्वेला उतू गेलं, मोठा शुभ शकुन. मला मात्र तो दिसला नाही. माझे दोन्ही डोळे सुजून मिटले होते.

तेव्हा हे बोलले. आईसमोर ज्यांच्या तोंडून कधी शब्द फुटला नाही ते म्हणाले, “आई, मी हिले दवाखान्यात नेतो.”

आत्याबाईंनी विझत आलेल्या गोवऱ्यांकडे पाहिलं. “मी बी येते,” म्हणाल्या.

वेशीपर्यंत पोचलो नाही तोच मागून कुणीतरी म्हटलं, “महारोग हाये तो. आता काय वापस येते?”

खिडकीजवळची खाट

औरंगाबादचा सरकारी दवाखाना. बायकांच्या वॉर्डात पाऊल टाकलं आणि मी हट्टाने खिडकीजवळची खाट मागितली. डोळे उघडत नव्हते, पण वारा चांगला यायचा. खिडकीला काचा नव्हत्या, नुसते गज. दुपारी खाटेवर उन्हाचे पट्टे पडायचे.

सकाळी पाव आणि दूध. मग झाडलोट, मग डॉक्टरांची फेरी, मग पांढरं मलम. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीचा पाय कापला होता, ती मला म्हणायची, “बाय, तुजं बरं हाय, डोळं मिटलेत तवर आरसा तरी दिसत न्हाई.” पहिल्यांदा राग आला. नंतर दोघीही हसायला शिकलो. दवाखान्यात हसण्याची सोय असेल तर ती सोडू नये. ही माझी तुम्हाला पहिली सूचना.

फोड बसायला लागले, पण एका बाजूचे नाही. हे लक्षात आलं तिथल्या डॉक्टरीणबाईंच्या. वयाने माझ्याहून फार मोठ्या नसतील. एका सकाळी त्या खाटेच्या पायथ्याशी नुसत्या उभ्या राहिल्या. माझा खिडकीकडचा गाल पाहिला, भिंतीकडचा गाल पाहिला, मग खिडकी पाहिली. आणि मला हाताला धरून व्हरांड्यात घेऊन गेल्या. दंडाजवळ, जिथं कधी ऊन लागलं नव्हतं, तिथली अर्धी जागा काळ्या फडक्याने बांधली, अर्धी उघडी ठेवली, आणि तेवढाच हात थोडा वेळ उन्हात धरायला लावला.

दुसऱ्या दिवशी फडकं सोडलं. पट्टीने आखावी तशी रेघ. रेघेच्या अलीकडे कातडी नितळ, पलीकडे लालबुंद.

त्यांनी ह्यांना नाही, आत्याबाईंना हाक मारली. “आजी, इकडे या. हा महारोग नाही. कुणाला लागणारा नाही. हिला ऊन सोसत नाही. आपल्याला सोसतं तसं हिच्या कातडीला सोसत नाही.”

“नाव काय याचं?”

“नाव मला सांगता येणार नाही. कारण सांगता येतं.”

इतक्या शिकलेल्या बाईने ‘मला माहीत नाही’ म्हणावं! आज मोठमोठ्या दवाखान्यांतून फिरून आल्यावर वाटतं, त्या वाक्यासाठीच त्यांच्या पाया पडायला हवं होतं.

आत्याबाई त्या रेघेकडे बघत राहिल्या. मग हळूच विचारलं, “मंग म्या तिले पौषभर उन्हात उभी केली ते?”

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तुम्हाला माहीत नव्हतं.”

“माहीत नव्हतं, हे खरं. पन केलं तं म्याच ना.” पदराने तोंड पुसलं. रडल्या नाहीत. “आता काय करायचं ते एकडाव सांगा. मी इसरत नाही.”

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. दिवस डोक्यावर असताना बाहेर नको, अंग झाकलेलं हवं, अगदी लहानपणापासून ऊन बाधणाऱ्या काही माणसांना पुढे चेहऱ्यावर वाईट गाठी येतात. येतीलच असं नाही. पण नवा डाग वाढला, जखम भरली नाही, तर लगेच या.

हे शेवटचं वाक्य माझ्या छातीवर येऊन बसलं आणि पुढे कितीतरी वर्षं उठलंच नाही. ‘चांदण्या’ मोजायची हौस त्या दिवशी संपली.

बैलं सोडा

परतीच्या एसटीत दुपारचं ऊन आत यायचं. गाडी वळली की ऊन बाजू बदलायचं. मग हे उठून मला आपल्या जागेवर बसवायचे, पुढच्या वळणाला पुन्हा उलटं. शेवटी आत्याबाईंनी गाडीतच छत्री उघडली. कंडक्टर म्हणाला, “मावशी, गाडी गळून राह्यली काय?”

“हाव बापा,” त्या म्हणाल्या, “ऊन गळून राह्यलं.”

मुद्दाम दिवेलागणीच्या बेताला गावात शिरलो. सकाळी उठले तेव्हा आत्याबाई अंगणात सूर्यासमोर तांब्या घेऊन उभ्या होत्या. दाराआडून मला ऐकू आलं, “देवा, तुझं न् तिचं जमत नाही. तिच्या वाट्याचं उभं राहणं आजपासून माझ्याकडं.” पाणी सोडलं आणि शेण भरायला गेल्या.

भरदुपारी आबाजी दारात आले. त्यांच्यामागे मान खाली घातलेले माझे बाबा. आम्ही दवाखान्यात असतानाच आबाजींनी त्यांना निरोप धाडून बोलावून घेतलं होतं. रस्त्यावर आबाजींचा छकडा जुंपून तयार, मला फाट्यावरच्या एसटीपर्यंत पोचवायला. मी दाराआड उभी. एकदा का त्या छकड्यात बसले की ह्या घरात मी पुन्हा यायची नाही, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

“वैनी,” आबाजी म्हणाले, “इवाई पोरीले घेऊन जाऊन राह्यले. तिचं बोचकं बांधा.”

आत्याबाई उंबऱ्याशी शेंगा फोडत बसल्या होत्या. उठल्या नाहीत. “हाव, जाऊ द्या की. पन आता कशी जाईन? ऊन हाये.”

“ऊन तं रोजच असते!”

“म्हनून तं रोजच जमत नाही.”

“छत्री द्या तिले.”

“छत्री वरचं ऊन अडवते, भावजी. खालून फुफाट्याचं येते ते कोन अडवन?”

“मंग सांजेले धाडा.”

“सांजेले ढोरं येतात. धारा कोन काढन? माझे गुडघे?”

“मंग सकाळी!”

“सकाळी तं सूर्य निंघते.”

बाबांच्या खांद्याला हिसका बसला. ते रडत होते की हसत होते, मला दाराआडून कळलं नाही. आबाजींचा आवाज मात्र एकदम खाली आला. “वैनी, चेष्टा नोका करू. माझ्या दोन लेकी उजवायच्या हायेत. घरात महारोग हाये म्हनल्यावर त्याइले कोन मांगन?”

इतका वेळ मला आबाजी राक्षस वाटत होते. तो एक घाबरलेला बाप होता. आत्याबाईंनाही ते तिथंच कळलं असावं. त्यांनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं आणि मला हाक मारली. “शके, इकडं ये. उंबऱ्याच्या आतच राहा.” माझा दंड धरून आबाजींसमोर केला. “हे पाहा. इथं फडकं बांधलं होतं, इथं नव्हतं. फडक्यानं ऊन अडते, भावजी. रोग अडते काय? महारोग काय रेघ पाहून थांबते? त्याले काय टेप धरून मोजता येते?”

आबाजी वाकून पाहत राहिले.

“आन तोंडावरचं म्हनसान, तं ते म्या केलं. देवाच्या नावानं म्या तिले भाजली. कोनाले धाडायचंच असन तं मले धाडा. कोनाच्या घरी धाडता ते तेवढं तुमी ठरवा.” मग रस्त्याकडे पाहून त्याच आवाजात, “न् पयले ते बैलं सोडा. मुक्या जीवाले उन्हात काऊन उभं केलं?”

कुणी हललं नाही. तेव्हा हे ओसरीतून उतरले. चुलत्याच्या अगदी समोरून गेले, जू उतरवलं आणि चुलत्याचेच बैल आमच्या निंबाखाली आणून बांधले. ह्या माणसाने आयुष्यात केलेलं हे एकच बंड. मला ते पुरलं.

आत्याबाई बाबांना म्हणाल्या, “बसा इवाई. पानी घ्या. ऊन उतरू द्या, मंग न्या तुमची पोरगी.”

ते ऊन अजून उतरायचं आहे. बाबा दुसऱ्या दिवशी एकटेच परत गेले.

खोळ

पुढचं राहणं सोपं नव्हतं. आमच्या शेताचं घड्याळ आत्याबाईंनी बदललं. आम्ही दोघी तांबडं फुटताना शेतात आणि गावाची न्याहारी व्हायच्या आत घरात. पुन्हा दिवस कलला की बाहेर. घरातली कामं माझी, दुपारची बाहेरची त्यांची. सून लोळते आणि सासू राबते असं दिसायचं, आणि गाव तसं बोलायचंही.

दुपारी जाणं टळेनाच तर पावसाळ्यातली घोंगडीची खोळ डोक्यावर घ्यायची, हे त्यांनीच काढलं. चैत्राच्या रखरखीत उन्हात पावसाळी खोळ! पहिल्याच बाजाराला देऊळगाव राजाची पोरं मागे लागली, “पाऊस कुठं हाये वो काकू?” रूपगर्विता मी, लाजेने मेले. मी ती काढून टाकायला गेले.

पुढच्या बाजाराला निघताना पाहते तर आत्याबाईंच्याही डोक्यावर खोळ.

“तुम्हाला कशाला? तुम्हाला तर ऊन सोसतं!”

“एकीले येडी म्हनतात,” त्या म्हणाल्या. “दोघी असल्या की रीत म्हनतात.”

घामाने त्यांचा जीव जायचा. तरी बाजारातून ताठ चालायच्या आणि कुणी हसलं की थांबून त्यालाच मिरचीचा भाव विचारायच्या. आणि महिन्यातून एकदा मला उजेडात बसवून चेहऱ्यावरचा एकेक डाग बोटाने चाचपून पाहायच्या. “नवा नाही,” असं म्हणेपर्यंत मी श्वास धरून असायची. मला मुलं झाली. प्रत्येक लेकराला त्यांनी प्रथम कोवळ्या उन्हात धरलं ते स्वतःचे डोळे मिटून. लेकरं निभावली, एकालाही ऊन बाधलं नाही.

घडी उलगडणारा

म्हातारपणी लेकीकडे पुण्याला गेले असताना तिथल्या कातडीच्या डॉक्टरांनी माझी हकीकत ऐकून रक्त तपासायला पाठवलं. उत्तर आलं: माझ्यातला एक जीन बिघडलेला आहे, ईआरसीसी सहा. आईकडून आणि बाबांकडून, दोघांकडूनही तो तसाच आला. घरातलं सोनं ते हेच.

त्या पोरसवदा डॉक्टरांनी फार प्रेमाने समजावलं. उन्हाने प्रत्येकाच्याच पेशीतला धागा रोज उसवतो, माझाही आणि तुमचाही. पण तो धागा आत घट्ट गुंडाळून ठेवलेला असतो. जिथे उसवलं तिथली घडी सैल करायची आणि दुरुस्ती करणाऱ्यांना हाक मारायची, हे ह्या जीनच्या हातचं काम. माझ्याकडे तो हातच नाही.

मला लगेच कळलं. लुगड्याची घडी उलगडल्याशिवाय रफू होतंय का? रफू करणारा दारात येऊन बसलाय, पण लुगडं पेटीतून कुणी काढूनच देत नाही.

ह्याच जीनच्या बिघाडाने कितीतरी लेकरांची वाढच खुंटते, फार जगतही नाहीत ती. माझ्यासारखी थोडी माणसं नुसत्या उन्हाच्या त्रासावर सुटतात, आणि त्यांना त्या वाईट गाठी सहसा येत नाहीत. असं का, हे नीट सांगता येत नाही, असं तेही म्हणाले. ह्यांच्याही पाया पडावंसं वाटलं. तुम्ही मात्र माझ्यावरून आपल्या लेकराचं काही ठरवू नका. चांगल्या डॉक्टरांना दाखवा आणि तोवर त्याला सावलीत ठेवा.

त्या संध्याकाळी गॅलरीत बसून मी ह्या विचाराने थक्क होत राहिले, की तुम्हा सगळ्यांच्या अंगात क्षणोक्षणी कुणीतरी घड्या उलगडतंय, टाके घालतंय, परत गुंडाळून ठेवतंय, आणि तुम्हाला पत्ताही नाही. केवढी मोठी गोष्ट आहे ही! माझ्या अंगात ते नव्हतं. अंगाबाहेर होतं, खोळ घालून माझ्या शेजारून चालत होतं.

एक सांगायचं राहिलं.

आत्याबाई गेल्या त्या ज्येष्ठात, ऐन दुपारी. आमच्याकडे बायका वेशीपर्यंत जातात आणि तिथून परततात. सगळी तयारी झाली. त्यांना खांद्यावर घ्यायला माणसं वाकली. मी आत खोळ शोधत होते, आणि डोळ्यांतल्या पाण्याने ती सापडत नव्हती.

तेवढ्यात काठी आपटल्याचा आवाज आला. आबाजी. पार वाकलेले, कानांनी बहिरे, दोन्ही लेकी कधीच्या सासरी नांदणाऱ्या.

“थांबा,” ते म्हणाले. “ऊन उतरू द्या. वैनीची सून येनार हाये वेशीपर्यंत.”

आणि सगळं गाव मुकाट्याने निंबाखाली जाऊन बसलं.